तिच्या वतीनं

डॉक्टरीणबाईंनी शर्मिष्ठाच्या छातीला नळी लावलीच नाही. आधी तिचा हात हातात घेतला, पालथा केला, उताणा केला आणि एकेक बोट दाबून पाहायला लागल्या. आम्ही फुप्फुसासाठी आलो होतो. माझ्या मांडीवरच्या फायलीत छातीचे दोन सीटी स्कॅन होते, चार एक्स-रे होते, फुंकायच्या चाचणीचे कागद होते, तारखेप्रमाणे लावलेले, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आणि ह्या बाई बोटं बघत होत्या. आधीच्या फिजिशियननं ‘संधिवातवाल्यांना दाखवा’ असं लिहून दिलं तेव्हाच मला शंका आली होती की आपल्याला भलत्याच खिडकीकडे पिटाळलंय. रायपूरच्या समता कॉलनीतला छोटासा दवाखाना, दारावर फक्त ‘डॉ. दीक्षा’ एवढीच पाटी, वय जेमतेम पस्तीस. “ठंडे पानी में हाथ डालने से उँगलियाँ सफ़ेद पड़ती हैं?” त्यांनी विचारलं. “नहीं नहीं मॅडम,” मी म्हणालो, “हाथ में कुछ नहीं है, इनको तो धूल की...” “आप नहीं,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “इनको बोलने दीजिए।”

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. चोवीस वर्षं झाली लग्नाला. बँकेत, शाळेत, पासपोर्टच्या खिडकीवर, दवाखान्यात, कुठंही शर्मिष्ठाला काही विचारलं की उत्तर मी देतो, आणि ती माझ्या शेजारी पर्स मांडीवर धरून बसते. यात दादागिरी वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हती. आमच्याकडे असंच असतं. गोंदियाला रेल्वेच्या दवाखान्यात आईला दाखवायला न्यायचे तेव्हा खुर्चीवर बाबा बसत आणि स्टुलावर आई. डॉक्टर बाबांना विचारत आणि बाबा सांगत, आईचं पोट, आईची पाळी, आईची झोप. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसे, जणू दुसऱ्याच बाईबद्दल बोलणं चाललंय. मी शेजारी उभा राहून ऐकायचो आणि मला वाटायचं, बाबांना आईचं किती माहीत आहे! मी तर बाबांच्याही पुढचा. मी शास्त्र शिकलेला माणूस. मी नुसतं दुखणं सांगत नाही, तारखा सांगतो. खोकला कधी सुरू झाला, किती मिनिटं टिकतो, कोणत्या वाऱ्याला वाढतो, सगळं माझ्या वहीत आहे. त्या वहीवर मी हात ठेवून बसलो होतो आणि आता काय करावं ते मला कळत नव्हतं. समोर टेबलाच्या काचेवर एक शिसवी पेपरवेट होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

शर्मिष्ठानं आधी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं नाही. मला काही लागणार तर नाही ना, असं बघतात तसं. मग म्हणाली, “पड़ती हैं।” कधीपासून? “तीन साल हो गए होंगे। पहले सफ़ेद, फिर नीली, फिर लाल। सुई पकड़ में नहीं आती।” और? “अँगूठी नहीं निकलती।” सकाळी मूठ वळते का? “नौ बजे के बाद।” गिळताना? “रोटी अटकती है। पानी से उतारती हूँ।” जळजळ होते का, रात्री उशा किती लागतात, तोंड पूर्वीएवढं उघडतं का? ती उत्तरं देत गेली. आवाज सपाट, मध्येच दम घ्यायला थांबणारा, पण एकही उत्तर अडलं नाही. सगळी तयार होती, कुणीतरी विचारायचीच काय ती वाट. मी प्रत्येक उत्तर पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तरी प्रत्येकाशी माझी ओळख होती. सकाळी दुधाची पिशवी ती दातांनी फोडते हे मी रोज पाहिलंय. घासाघासाला पाणी पिते हेही पाहिलंय; उलट तिला सांगितलंय, जेवताना इतकं पाणी पिऊ नये, पचनाला बरं नसतं. अंगठीचं तर मी कौतुक केलं होतं. बाकीच्या बायका अंगठी काढून ओट्यावर विसरतात, आमची बघा, म्हणून. लाज वाटावी अशा गोष्टी आपण किती हौसेनं बोलतो.

दीक्षा मॅडमनी तिच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला आणि छोटं भिंग लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. भिंगातून बघणाऱ्या माणसाचं तोंड मला चांगलं ओळखता येतं, माझा धंदाच तो आहे. मी हवा मोजतो. एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी आहे. कुणाच्या तरी गच्चीवर पेटीएवढं यंत्र ठेवायचं, ते दिवसभर हवा ओढतं, हवा एका पांढऱ्या कागदातून जाते, कागद करडा होतो. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. जो फरक येतो ती धूळ. दशांशापुढचे पाच आकडे दाखवणारा काटा आहे आमच्याकडे. कागदाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं धरायचा, कारण बोटाच्या तेलालाही वजन असतं. प्रयोगशाळेतला आमचा बुद्धभूषण म्हणतो, “सर, तुम्ही भाभीलेही चिमट्यानंच उचलत असान.” मी हसतो. मला ते आवडतं. एवढ्या शहरात सगळे धुळीबद्दल बोंबलतात, पण ती खरोखर किती आहे हे सांगू शकणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातला मी एक. ही जी घमेंड आहे ना, ती मला आधी कधी घमेंड वाटली नव्हती. मला ती जबाबदारी वाटायची.

तर खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात राहत होतो, एकोणीस वर्षांपासून. कोरडा खोकला, ठसकाच म्हणा, ओट्याशी बोलता बोलता यायचा आणि बोलणं अर्धं राहायचं. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. काळं. रायपूरच्या माणसाला ते काळं सांगावं लागत नाही; सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी अनवाणी चाललं की तळवे तसे होतात, दोरीवरचे कपडे झटकून घडी करावे लागतात. मी ते बोट शर्मिष्ठाला दाखवलं आणि म्हटलं, “हे बघ. हे जाऊन राहिलं तुझ्या छातीत.” ती म्हणाली, “असंन.” ऑफिसातलं एक यंत्र परवानगी काढून घरी आणलं, गच्चीवर सात दिवस चालवलं, रोजचा कागद नेऊन तोलला आणि आलेख काढला. रंगीत. धूळ जास्त त्या दिवशी खोकला जास्त, धूळ कमी त्या दिवशी खोकला कमी. सातांपैकी पाच दिवस अगदी जुळत होते. उरलेले दोन दिवस का जुळत नाहीत याचाही मी खुलासा शोधून काढला, आता आठवत नाही काय होता तो. इतकं समाधान मला मुलीच्या दहावीच्या निकालातही झालं नव्हतं. बायको खोकत होती आणि मला समाधान होतं, हे मी लपवून काय मिळवणार?

तो आलेख घेऊन आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, सोळा महिन्यांपूर्वी. म्हातारे, भले गृहस्थ, बाहेर साठ माणसं बसलेली. त्यांनी नळी लावून ऐकलं, फुंकायला लावलं, निरोगी छातीच्या एक्याऐंशी टक्के आले. मग लिहिता लिहिता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, “हाथ-पैर, जोड़ों में कोई तकलीफ़?” त्या प्रश्नाचा प्रत्येक शब्द मला आज ऐकू येतो, पंख्याचा आवाज ऐकू येतो, बाहेर कंपाउंडर नंबर पुकारत होता तोही. मी म्हणालो, “नहीं।” लगेच. एका क्षणाचाही विचार न करता, कारण मला आलेखावर यायची घाई होती. “नहीं सर, वैसा कुछ नहीं, ये देखिए।” आणि कागद टेबलावर पसरला. डॉक्टरांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “अरे, आप तो ख़ुद एक्सपर्ट हैं!” आणि पंप लिहून दिला, धुळीपासून जपा म्हणाले. शर्मिष्ठा तेव्हा काय करत होती? मी खूप आठवून पाहतो. पर्स मांडीवर होती. हात पर्सच्या खाली होते की वर, ते नाही आठवत. तिनं तोंड उघडलं होतं का? मला दिसत नाही, कारण मी डॉक्टरांच्या चष्म्याकडे बघत होतो. परतताना आम्ही गाड्यावर गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, खाल्लं. तिनं दोनच खाल्ले, तिसरा माझ्या हातात दिला. मी विचारलं नाही, मी तो खाऊन टाकला. त्या संध्याकाळी मी फार खूष होतो.

मग मी कामाला लागलो. शर्मिष्ठा ब्लाउज शिवायची. ब्राह्मणपाऱ्यातल्या अर्ध्या बायकांची मापं तिच्या डोक्यात होती, पंडरीच्या बाजारातून अस्तरांचे तागे घेऊन यायची आणि रंग जुळवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी म्हटलं, कापडाचे तंतू म्हणजे धूळच, सुताच्या गिरण्यांतल्या माणसांच्या छातीचं काय होतं माहीत आहे ना? मशीन बंद. हूक लावायचं काम तिनं त्याआधीच वरच्या शांताकाकूंच्या सुनेकडे दिलं होतं. मला वाटलं, शहाणी आहे, माझं धुळीचं बोलणं ऐकून हळूहळू कमी करतेय. बोटांना सुई धरवत नाही म्हणून दिलं होतं, हे मला आज कळलं. मशीन बंद केल्यावर मी घर बदललं. नव्या रायपुरात नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला भाड्यानं. रस्ते रुंद, रिकामे, लांबवर माणूस नाही, एखादी गाय दिसली तर बरं वाटावं अशी वस्ती. खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या. हवा साफ करायचं यंत्र घेतलं, त्यावर हिरवा आकडा येतो. ब्राह्मणपाऱ्यात जिथं दोनशेच्या खाली उतरत नव्हता तो इथं वीस, बावीस, अठरा. मी ऑफिसातून फोन करून तिला आकडा विचारायचो. ती उठून, यंत्रापर्यंत चालत जाऊन, आकडा सांगायची, आणि चालल्यामुळे तिला लागलेला दम मला फोनवर ऐकू यायचा. मी म्हणायचो, “अठरा? वा!” आकडा कमी होत होता आणि दम वाढत होता, तरी मला आकड्याचं बोलणं जास्त खरं वाटत होतं. ती दुपारभर त्या बंद खोलीत काय करायची ते मी विचारलं नाही. एकदा लवकर घरी आलो तर रबराची पट्टी सोलून खिडकी चार बोटं उघडून तिथं खुर्ची टाकून बसली होती. मी रागावलो. तिनं खिडकी लावली.

“फूँकिए, फूँकिए, फूँकिए, और, और, और...” पलीकडच्या खोलीत तंत्रज्ञ मुलगी ओरडत होती. दारातल्या काचेतून मला शर्मिष्ठा दिसत होती. नाकाला चिमटा, तोंडात जाड नळी, मानेच्या शिरा ताठ. तिच्या तोंडाच्या कडांना बारीक उभ्या चुण्या पडल्या होत्या, ओठ पातळ झाले होते. चेहरा कुणीतरी मागून ताणून धरल्यासारखा. हा चेहरा कधी बदलला? रोज समोर असलेलं माणूस बदलतं तेव्हा कळत नाही म्हणतात, पण मी तर रोज फरक मोजणारा माणूस. पाचव्या दशांशापर्यंत. ती फुंकत होती आणि इकडे मी नकळत माझा श्वास रोखून धरला होता, जणू माझ्या वाटणीचा तिला देता येईल. तीनदा फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली, हातानं खूण केली, नाही जमत. मुलीनं पाठीवरून हात फिरवला. मी काचेबाहेर उभा होतो, आणि मला आत जायची परवानगी नव्हती, आणि असती तरी आत जाऊन मी काय करणार होतो? छप्पन्न टक्के आले.

दीक्षा मॅडमनी मग दोघांना बसवून नीट सांगितलं. स्क्लेरोडर्मा. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते तीच घरच्यांना ओळखेनाशी होते आणि आपल्याच अंगावर उठते. कातडी आवळत जाते, आणि तीच आवळ आत फुप्फुसातही पडते. कुणाकुणाच्या बाबतीत कातडीचं फारसं दिसायच्या आधीच फुप्फुस बोलायला लागतं, खोकला, दम. आणि घरचे धूळ, दमा, टीबी असल्यांच्या मागं फिरत राहतात. “धूल से नहीं हुआ?” मी विचारलं. मला स्वतःचाच आवाज मूर्ख वाटला. “नहीं,” त्या म्हणाल्या. “घर में हो, जंगल में हो, ये होना था।” औषध सुरू करायचं, प्रतिकारशक्ती दाबणारं, दर महिन्याला रक्त तपासायचं. “जो चला गया वो वापस नहीं आएगा। जो बचा है उसको बचाना है।” शर्मिष्ठानं मान हलवली. तिनं फक्त एकच विचारलं, शिवणकाम करता येईल का. मॅडम तिच्या बोटांकडे बघून म्हणाल्या, थोडं थोडं, गरम राखून, बघू. मग रक्त द्यायला ती पलीकडे गेली आणि मी एकटाच उरलो. मला विचारायचं नव्हतं आणि मी विचारलं: सोळा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर? त्यांनी माझी फाईल जवळ ओढली. पहिला कागद काढला, म्हाताऱ्या डॉक्टरांच्या अक्षरातला. हात, सांधे: तक्रार नाही. त्यांचं बोट त्या ओळीवर दोन सेकंद थांबलं. कागद परत जागेवर ठेवून त्या म्हणाल्या, “ये दवाई खाने के बाद देनी है।” एक्याऐंशीतून छप्पन्न गेले की पंचवीस उरतात, हे करायला मला काटा लागत नाही.

गाडीत बसल्यावर मी बराच वेळ किल्ली फिरवली नाही. शर्मिष्ठा औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी मी म्हणालो, “काहून नाही सांगितलंस मले?”

“काय?”

“बोटाचं.”

“सांगितलं होतं ना. तुम्ही गिझर लावून देला होता.”

खरं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत भांडी घासताना ती म्हणाली होती, अहो, बोटं बघा कशी मेल्यासारखी झाली. मी दुसऱ्या दिवशी सिंकपाशी लहान गिझर बसवून घेतला, स्वतः उभं राहून, आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. बोटं मी बघितलीच नव्हती. तिनं दाखवली होती आणि मी नळ बघितला होता.

“अन् तिथं, त्या म्हाताऱ्या डॉक्टरपुढं? त्यानं विचारलं होतं.”

“तुम्ही बोलून राहिले होते ना,” ती म्हणाली. “मधी काय बोलायचं. मले वाटलं, तुमाले मालूम असंन.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, आणि भांडायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. ती दम घेऊन म्हणाली, “आता इथवर आलोच हावो त ब्राह्मणपाऱ्यात जाऊन येऊ का? काकूले भेटू. आता धुळीचं काही नाही ना?” लहान मुलीनं सुट्टी लागली का विचारावं तसं विचारलं. मी किल्ली फिरवली.

गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावावी लागली, आत शिरत नाही. गल्लीतून चालताना तिनं माझा दंड धरला. दुपारची वेळ, देवळाच्या ओट्यावर कुणी झोपलेलं, स्कूटरवाले आमच्या कडेनं सटासट जात होते, भज्यांचा वास, नळाखाली कुणाची तरी धुणी. तीन ठिकाणी थांबलो. थांबलं की ती एखाद्या दुकानाकडे बघायची, आपण काहीतरी बघायला थांबलोय असं. पूर्वी याच गल्लीतून ती दोन्ही हातांत अस्तरांच्या पिशव्या घेऊन माझ्या पुढं चालायची आणि मला म्हणायची, चला ना लवकर. मी तिला इथून का नेलं? हवा वाईट होती म्हणून. आणि हवा वाईट होतीच, माझे कागद खोटे नव्हते, हेच तर विचित्र. मी जे जे मोजलं ते ते बरोबर होतं. लोक तिला ओळखून हसत होते. “अरे दीदी! बहुत दिन बाद!” एकीनं विचारलं, “मेरा हरा वाला ब्लाउज़ कब दोगी?” शर्मिष्ठा हसली, हात हलवला, पण बोलली नाही. चालताना तिला बोलता येत नाही हे त्या बाईला माहीत नव्हतं.

आमच्या जुन्या घराच्या दारात पोचलो तोच वरून हाक आली. शांताकाकू कठड्यावरून वाकून बघत होत्या. अचलपूरच्या, पंच्याहत्तरीच्या, आवाज खणखणीत. “अगं माय! शर्मे! ये, ये वर, चहा टाकतो!” शर्मिष्ठाचं तोंड असं फुललं की मला ती ताणलेली कातडी क्षणभर दिसेनाशी झाली. तिनं पदर खोचला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दगडी जिना, अरुंद, खडा, दोन मजल्यांचा; पहिल्यावर आम्ही असायचो, दुसऱ्यावर काकू. ह्या जिन्यानं ती एकोणीस वर्षं पाण्याच्या बादल्या, मुलगी, गव्हाचं पोतं घेऊन चढलेली. दुसरी, तिसरी. मी मागं होतो, दोन्ही हात पुढं धरून, न शिवता. चौथीवर तिनं कठडा धरला. पाचवीवर ती थांबली. तिच्या पाठीत ब्लाउजच्या खाली बरगड्या भराभर हलत होत्या. वरती किती पायऱ्या उरल्यात ते तिनं मान वर करून बघितलं, मीही बघितलं, आणि आम्ही दोघं एकदमच समजलो. ज्या घरात धूळ होती म्हणून मी तिला तिथून नेलं त्या घरात आता धूळ चालणार होती, पण तिथवर जायला जेवढा श्वास लागतो तेवढा तिच्याकडे उरला नव्हता. माझ्या छातीत काहीतरी इतकं दुखलं की मला वाटलं, हा माझाही आजार असावा, असला तर किती बरं. ती पाचव्या पायरीवर बसली, चप्पलचा पट्टा सोडला, परत लावला, आणि वर तोंड करून म्हणाली, “काकू, तुमीच या ना खाली. आम्हाले... घाई हाय जराशी.”

काकू खाली आल्या. पंच्याहत्तरीच्या बाई, एका हातात तीन कप मांडलेलं ताट, एका हातानं भिंत धरून, टपाटपा दोन मजले उतरल्या. ना धाप ना काही. शर्मिष्ठाशेजारी पायरीवरच बसल्या. सुनेनं मशीन घेतलंय, नळाला पाणी येत नाही, खालच्या भाडेकऱ्याचा पोट्टा पळून गेला, सगळं पाच मिनिटांत सांगितलं. शर्मिष्ठा दोन्ही हातांनी गरम कप धरून ऐकत होती. बोटांची टोकं पांढरी होती, मग हळूहळू निळी, मग लाल झाली. मी पहिल्यांदाच बघत होतो. काकूंनी तिला न्याहाळलं, “वाळली गं,” म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या.

“भाऊ, खरं सांगू? तुमी हिले इथून काढून नेलं तवा मले लय राग आला होता. म्हटलं, माणूस सनकी झाला धुळीपायी. पण बरंच केलं बाप्पा तुमी. इथं राहिली असती त ह्या धुळीनं मेलीच असती पोरगी.”

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, काकू, तसं नाही, मी फार मोठी चूक केली, डॉक्टरनं विचारलं होतं आणि मी... शब्द तोंडात तयार होते. इतक्यात माझ्या पायावर शर्मिष्ठाचा हात पडला.

“हव काकू,” ती म्हणाली. मध्येच थांबली, श्वास घेतला. “ह्यायनंच...” पुन्हा थांबली. आम्ही दोघंही थांबलो तिच्यासाठी. “ह्यायनंच वाचवलं मले.”

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी कप खाली ठेवला, दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मी मान खाली घातली, आणि त्यांना तो माझा विनय वाटला.